राळ्याच्या पुरचुंड्या

आमच्या आबाच्या पत्र्याच्या पेटीत दोन पुरचुंड्या होत्या. जुन्या धोतराच्या फडक्यात राळे भरून, वर कापसाचा थर देऊन दोऱ्यानं शिवलेल्या. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला वाटलं, बियाणं असेल.

"आबा, ह्ये काय वं?"

"छाती हाये ती माही," आबा म्हणाला. "ठिव जागंवर. फुटली त दाने सांडतील."

आबा म्हणजे माझ्या आज्याचा धाकटा भाऊ. संगमनेरकडचा. मिसरूड फुटायच्या आत तमाशात गेला आणि नाच्या झाला. १९७९ साली वारला. त्याच्या नावानं कुठं ओळ छापलेली नाही, छापली जाईल असं त्याला वाटलंही नव्हतं. पण पुरुषानं बाईचं सोंग घेताना छाती केवढी करायची, कशाची करायची, कुठल्या चोळीखाली कुठली बसते, हे त्याला जेवढं कळत होतं तेवढं मला पुढं कुठल्या नाट्यशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही. म्हणून हा इतिहास लिहायला घेतला आहे. कुणाला हसू येईल. येऊ द्या.

मराठी रंगभूमीवर पुरुषानं बाई होणं ही काही झाकून ठेवायची गोष्ट नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले. १९११ ला 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ ला 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ ला 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांचे शालू, त्यांची नथ, त्यांची पदर घेण्याची तऱ्हा बघून पांढरपेशा घरातल्या बायका तसं नेसायला लागल्या. पुण्यात १९६८ साली त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं. तिथं गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. ह्यात वाईट काही नाही. माणूस मोठाच होता. पण मी वाचलेल्या पुस्तकांत त्यांच्या शालूची किंमत आहे, अत्तराचं कौतुक आहे, पदराखाली काय होतं ते नाही. तिथं लेखणी लाजते. आणि तीच लेखणी तमाशातल्या नाच्याकडं वळली की पहिला शब्द लिहिते, बीभत्स.

एक छाती कला, दुसरी छाती बीभत्स. दोन्ही खोट्याच होत्या की.

तमाशात नाच्या पोरं पेशवाईपासून होती. पुढं बाया आल्या. हिवरगावची पवळाबाई (१८७०–१९३९), आमच्याच महारवाड्यातली, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई मानली जाते. पण ती आली म्हणून नाच्या लगेच गेला नाही. बाई मिळणं अवघड, आणि मिळाली तर तिचा शेर द्यावा लागे. गरीब फड नाच्यावरच चालत. राहिली गवळणीतली मावशी. तिला छाती लागतच नाही. बहुतेक वेळा पुरुष आपल्याच कपड्यांवर उपरणं डोक्यावरनं पदरासारखं ओढतो आणि झाला मावशी. तिथं लोकांना पुरुष दिसलाच पाहिजे, त्याशिवाय हसू येत नाही. राधेचं तसं नाही. राधा बाईच दिसली पाहिजे.

आता आबाचं शास्त्र सांगतो.

तो म्हणायचा, आधी चोळी बघायची, मग छाती करायची. उलटं केलं की फसलं. खणाची चोळी पुढं उघडी असते, छातीच्या खाली गाठ. सगळा भार त्या गाठीवर. पुरचुंडी गाठीच्या वर बसली पाहिजे, गाठीत अडकली पाहिजे, नाहीतर नाचताना एक इथं आणि एक कमरेला. चोळी लहान आणि घट्ट, त्यामुळं थोडक्यानंच ती भरून दिसते. नवखा पोरगा काय करतो, की मोठी छाती म्हणून लुगड्याचे बोळेच्या बोळे कोंबतो. मग चोळी उसवते, गाठ बसत नाही, आणि समोरनं बघणाऱ्याला बाई न दिसता पोतं दिसतं. पुरुषाचा खांदा रुंद असतो, पाठ रुंद असते. त्या अंगाला शोभेल एवढीच पाहिजे. काटकुळ्या पोराला नारळ लावले तर ते नारळच दिसणार.

राळेच का? तर कापूस हलका. नाचताना हलत नाही, गळ्याखाली चढतो. चिंध्यांचे गोळे होतात, कोपरे निघतात. राळ्याचा दाणा बारीक नि गुळगुळीत, अंगाबरोबर सरकतो आणि थांबलं की परत जागेवर येतो. वजन असतं म्हणून खांदे आपोआप मागं जातात, चाल बदलते. आबा म्हणायचा, "बाईवानी चाल शिकाया लागत नाय, वजनच शिकीवतं." आणि एक बारकावा. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरनं घेऊन कमरेला खोचला की डावी बाजू झाकते, उजवी चोळी लोकांपुढं राहते. म्हणून उजव्या पुरचुंडीचं शिवण तो दुहेरी घालायचा. डावीची एवढी फिकीर नसे. हिशोबी माणूस.

ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. एका गावी तीन रात्री खेळ झाला, बिदागी बुडाली. फडातल्या माणसांना दोन दिवस अन्न नाही. तिसऱ्या दिवशी आबानं पुरचुंड्या उसवल्या, राळे पाखडले, शिजवले. सात माणसांनी खाल्ले. "खारट लागलं," तो म्हणाला. "माह्याच घामाचं मीठ." पुढच्या गावाला त्यानं वाळू भरून नाच केला. वाळूचं वजन गाठीला झेपलं नाही, उरावर वळ उठले.

आणि दौलतजादा. आबा तेव्हा विशीच्या पुढं गेलेला. पावली देणारा पावलीबरोबर हातही पुढं करायचा. सगळ्या गावाला ठाऊक की हा बाप्या आहे, चोळीत दाणे आहेत. तरी हात यायचाच. दिवसा ज्याची सावली नको, त्याच्या राळ्याला रात्री हात लावायला विटाळ होत नव्हता. त्या रात्रीच्या गिऱ्हाइकाला मोठी छाती लागायची, म्हणून फडाचा सरदार सांगायचा, आज जरा भरून घे. माप आबाचं नव्हतं. माप समोरच्याचं होतं.

हे मी का सांगतो? कारण पुढं हे माप बदललं, आणि ते कुणी बदललं ते मला लिहायचं आहे.

डिसेंबर १९२७. महाडला मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी बोलले. लुगडं नेसण्याची आपली जुनी तऱ्हा सोडा, ओळखू येईल असं नेसू नका, ते गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने टाका, स्वच्छ राहा. आमच्या बायांनी लुगडी खाली सोडली. कपडा म्हणजे नुसता कपडा नसतो हे आमच्या लोकांना कुणी पुस्तकातनं शिकवायची गरज नव्हती.

मग १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. नाशिककडं भीमराव कर्डकांचा जलसा गाजत होता. जलशाचा घाट तमाशाचाच, पण गवळणीतल्या राधा-कृष्णाला फाटा दिलेला, लावणीला रजा. आबा तमाशा सोडून असल्याच एका लहानशा जलशात आला. त्याला काम मिळालं आईचं. पोराला शाळेत घालण्यासाठी नवऱ्याशी भांडणारी आई.

पहिल्या तालमीला आबा सवयीनं राळ्याच्या पुरचुंड्या बांधून आला. जलसाकारानं बघितलं आणि म्हणाला, "ही आपली आई नव्हं. ही पाटलाच्या डोळ्यातली बाई हाये. काढून ये."

आबाला राग आला. तीन वर्षांनी सांगतानाही यायचा, चाळीस वर्षांनीही यायचा. पण तो रात्रभर विचार करत बसला. सपाट छातीनं उभं राहावं तर बाप्या दिसतो, लोक हसतात, आणि ह्या प्रवेशात हसून चालत नाही. मोठी घ्यावी तर शिट्टी वाजते, आईवर शिट्टी वाजून चालत नाही. मग त्यानं काय केलं? खणाची चोळी सोडली, बटणाचं पोलकं शिवून घेतलं. पोलक्याला गाठ नाही, खालून आधार नाही, कापड ढगळ. तिथं राळ्याचं वजन खाली ओघळतं. म्हणून कापूस घेतला, पसाभर, चपटा. नाच नव्हताच, मग हलण्याचा प्रश्न नाही. आणि बसवला दोन बोटं खाली, चार पोरं पाजलेल्या बाईची असते तिथं. पदर दोन्ही खांद्यांवरनं. लोकांना छाती आहे एवढं कळलं पाहिजे आणि परत तिकडं बघावंसं वाटू नये, एवढंच माप.

हे माप त्यानं स्वतः ठरवलं. जन्मात पहिल्यांदा.

ह्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट. अमेरिकेत १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईनं ब्रेसियरचं पेटंट घेतलं, आणि १९३२ साली तिथल्या कॅम्प कंपनीनं छातीच्या आकाराला ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावली. त्याआधी बाजारातल्या तयार मापाला इंच होते, अक्षर नव्हतं. आबा पोलक्याखाली कापूस चपटा करत होता त्याच वर्षांत ही अक्षरं जन्माला आली. त्याला त्यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सिनेमातही पहिल्या बाया बाप्येच होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. हरिश्चंद्रात राणीवशातल्या बाया पाण्यात उतरतात तो प्रवेश बघताना मला दर वेळी आबाच आठवतो. ओल्या लुगड्यात कापूस काय कामाचा? भिजला की ओलं फडकं. तिथं राळेच पाहिजेत.

मला हे सगळं नव्यानं का आठवलं ते सांगतो. मागं आमच्या पथकानं चौदा एप्रिलला तो जुना जलशाचा प्रवेश परत बसवायचं ठरवलं. आईचं काम मी मागून घेतलं. बायका मिळत नाहीत म्हणून नव्हे, आता मिळतात आणि माझ्यापेक्षा बऱ्या करतात. आबाचं काम आहे म्हणून मागितलं. वय साठीच्या पुढं, मिशी काढावी लागली, घरच्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. एक पोरगा तालमीला हसत म्हणाला, "काका, ह्या वयात?" मी म्हटलं, "आईचंच वय हाय ना?"

आजकाल सिलिकॉनची तयार छाती मिळते. अंगाच्या कातडीसारखी लागते, जोडी किलोभर किंवा जास्तच भरते. मी दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "वहिनींचं माप सांगा." मी म्हटलं, "माझंच घ्या." तो टेप घेऊन थोडा वेळ उभाच राहिला. मग घेतलं बिचाऱ्यानं. छातीच्या खाली छत्तीस.

तिथं मला कळलं की अक्षर म्हणजे आकार नव्हे, फरक आहे. छातीखालच्या घेरापेक्षा उभारावरचा घेर दोन इंच जास्त तर बी, तीन तर सी, चार तर डी. त्यामुळं बत्तिसावरचा सी आणि अडतिसावरचा सी हे सारखे नाहीत, अडतिसावरचा कितीतरी मोठा. जी छाती छत्तीस सीमध्ये बसते तीच अडतीस बीमध्ये बसते आणि चौतीस डीमध्येही. बाप्याचा घेर मोठा म्हणून अक्षर लहान घेतलं तरी भरपूर दिसतं. नवखे लोक अक्षराला भुलून डी मागतात. आबाचे नारळ परत आलेच.

कपड्याचंही तेच. कटोरीच्या ब्लाउजला टोक लागतं, तिथं भरीव थेंबाच्या आकाराची बसते. ढगळ पोलक्याखाली तीच घातली तर कापड पुढं तंबूसारखं उभं राहतं. पातळ कापडाखाली कड दिसते, म्हणून कडेला पातळ होत गेलेली घ्यावी. आणि बॉडीचे पट्टे रुंद हवेत, नाहीतर किलोभर वजनानं खांद्यात रुततात. दुकानदार हे सांगत होता आणि मी मान हलवत होतो. अर्धं मला माहीत होतं.

त्यानं दाखवलेली सिलिकॉनची जोडी मी हातात तोलून पाहिली. महाग होती. पण नको म्हणण्याचं कारण किंमत नव्हतं. ती फार तरुण होती, उंच आणि टणक. चार पोरांच्या आईची नव्हती. अडतीस बीची साधी सुती बॉडी घेतली, छत्तिसाच्या अंगाला जरा सैल, म्हणजे खाली उतरेल. वाटेत पिंजाऱ्याकडून पावशेर कापूस घेतला. घरी येऊन आरशापुढं बसवला, वर पोलकं घातलं, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला. बायकोनं दारातनं बघितलं. दोन दिवसांनी पहिल्यांदाच बोलली.

"अजून बोटभर खाली घ्या," म्हणाली. "आत्याबाईंची तिथं होती."