विरामचिन्हांचे ऋण

जुने मोडी दफ्तर उघडले, की आपण प्रथम अडखळतो. आधी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता लिहीत जावयाचे. शब्द कोठे तुटतो, वाक्य कोठे संपते, हे वाचणाराने ओळखावे. मुरलेला कारकून ते ओळखी. पण छापील पुस्तक घेऊन एकट्याने बसलेल्या पोराने काय करावे?

ही अडचण एका परक्या गृहस्थाने मनावर घेतली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली, आणि वर्षानुवर्षे शाळापुस्तके तपासून त्यांतले मराठी एका वळणावर आणले. वाक्ये सुटी झाली, अर्थ उघड दिसू लागला. तो उपकार आम्ही नाकारीत नाही. मात्र साहेबांची लेखणी चिन्हांपाशी थांबली नाही. वाक्याची ठेवणही इंग्रजीकडे झुकू लागली. १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी अशा इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. मौज अशी, की शास्त्रीबुवांची लांबच लांब, डौलदार वाक्ये आज आपल्याला न धापता वाचता येतात, ती त्याच स्वल्पविराम-अर्धविरामांना धरून!