सीडीची प्रत म्हणजे नेमके काय? आयएसओ, बिन-क्यू आणि एका हरवलेल्या आवाजाची गोष्ट

१/ मामाने २००३ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून, गावची काही छायाचित्रे जोडून एक सीडी तयार केली होती. सहा वर्षांपूर्वी मी तिची ‘आयएसओ’ प्रत काढली. छायाचित्रे उघडली, मी निश्चिंत झालो. पुढे सीडीचा चंदेरी थर सुटला. छायाचित्रे उरली, ओव्या गेल्या. असे का झाले, ह्याचे उत्तर चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे. #धागा

२/ फिलिप्स आणि सोनी ह्यांनी मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली, ती केवळ संगीतासाठी. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन वाहिन्या, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. त्याचे ७५ भाग केले की एक भाग २,३५२ बाइटांचा होतो. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

३/ संगीतात एखादा नमुना वाचता आला नाही, तर यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधते आणि कानाला ते कळतही नाही. हिशेबाच्या वहीत मात्र एक अंक चुकून चालत नाही. म्हणून १९८३ साली ठरलेल्या सीडी-रॉमच्या नियमांत त्याच २,३५२ बाइटांपैकी २,०४८ मजकुरासाठी राखले गेले. उरलेले ३०४ बाइट खुणा, पत्ता आणि दोषनिवारण ह्यांसाठी.

४/ तरीही एक अडचण होती. तबकडीवर फाइली कशा मांडाव्यात ह्यावर एकमत नव्हते. जो तो उत्पादक आपली मांडणी वापरी. १९८५ साली अमेरिकेत लेक टाहोजवळच्या ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात विविध कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी एक समान मांडणी ठरवली. काही बदलांसह तीच १९८८ साली ‘आयएसओ ९६६०’ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

५/ ‘आयएसओ’ फाइलीचे नाव ह्याच मानकावरून आले. ही फाइल म्हणजे सीडीवरच्या डेटा ट्रॅकमधील प्रत्येक सेक्टरचे ते २,०४८ बाइट, ओळीने लावलेले. बाकीचे ३०४ ती टाकून देते. नुसत्या डेटाच्या सीडीसाठी हे अगदी योग्य आहे. पण गाण्याचा ट्रॅक ठेवायला तिच्यात जागाच नाही.

६/ प्रसिद्ध उदाहरण ‘क्वेक’ ह्या १९९६ च्या खेळाचे. त्याच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा. पुढचे ट्रॅक ट्रेंट रेझनर ह्यांच्या ‘नाइन इंच नेल्स’च्या संगीताचे, साध्या सीडी प्लेअरवरही वाजणारे. अशा सीडीची आयएसओ काढली तर खेळ चालतो, बंदुकांचे आवाजही येतात. पार्श्वसंगीत मात्र नाहीसे होते. जो हा खेळ प्रथमच खेळेल, त्याला काही हरवले आहे हे कळणारही नाही.

७/ ह्यावरचा उपाय ‘बिन-क्यू’. ही जोडी ‘सीडीआरविन’ ह्या प्रणालीमुळे रूढ झाली. बिन फाइलीत पूर्णच्या पूर्ण २,३५२ बाइट राहतात, मग ट्रॅक डेटाचा असो वा ध्वनीचा. क्यू ही साधी मजकूर-फाइल: कोणता ट्रॅक कोणत्या प्रकारचा, कोणत्या मिनिटाला, सेकंदाला आणि सेकंदाच्या पंचाहत्तराव्या कितव्या भागाला सुरू होतो, एवढेच ती सांगते. कोणत्याही संगणकावर ती डोळ्यांनी वाचता येते.

८/ मग सर्वांनी आयएसओच का पसंत केली? जागा. ७४ मिनिटांच्या भरलेल्या सीडीची आयएसओ सुमारे ६५० एमबी, तर बिन सुमारे ७४७ एमबी. त्या काळच्या हार्ड डिस्कवर हा फरक टोचत असे. शिवाय बहुतेक सीडींवर नुसता डेटाच असे, त्यामुळे सवय जडली. सवय लागली की तपासणी सुटते.

९/ बिन-क्यूलाही मर्यादा आहे. प्रत्येक सेक्टरसोबत सबचॅनलचे आणखी ९६ बाइट असतात. काही खेळांचे प्रत-संरक्षण तिथे दडलेले असे. ते टिपण्यासाठी ‘क्लोनसीडी’ने सीसीडी, आयएमजी आणि सब अशा तीन फाइलींची पद्धत आणली. नीरोची एनआरजी व ‘अल्कोहोल १२०%’ची एमडीएफ-एमडीएस हीही रूपे त्याच काळातली. पण एखाद्या कंपनीच्या खासगी रूपात ठेवा ठेवणे म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवणे होय.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा मोडीतली पत्रे बाळबोधीत छापली गेली. त्यामुळे मजकूर वाचला आणि सर्वांना वाचता आला. हे ऋण मोठे आहे. पण अक्षराचे वळण, शिक्का, खोडलेला शब्द ह्यांसाठी मूळ कागदाकडेच जावे लागते. आयएसओ ही बाळबोधी नक्कल. बिन-क्यू ही मूळ पानाच्या छायाचित्राच्या अधिक जवळची.

११/ सीडीवरच्या फक्त ‘कामाच्या’ फाइली उचलणे तर त्याहून धोक्याचे. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर विसंबून असे; तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पुष्कळदा तो फॉन्ट त्याच सीडीच्या एखाद्या दुर्लक्षित फोल्डरमध्ये असतो. म्हणून प्रत काढायची ती सबंध तबकडीची.

१२/ तात्पर्य: आधी ट्रॅक मोजावेत. एकच डेटा ट्रॅक असेल तर आयएसओ पुरे. ध्वनीचा एक जरी ट्रॅक असेल तर बिन-क्यू. संरक्षित खेळ असेल तर सबचॅनलसह प्रत. नंतर प्रतीचा हॅश काढून नोंदवावा, प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि मूळ तबकडी प्रत पडताळून होईपर्यंत तरी जपावी.

१३/ माझी आयएसओ ४१ एमबीची होती. सीडी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती, हे तिच्या मागच्या बाजूला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला एक मिनिट लागले असते. साधनाची चिकित्सा ह्या विषयावर मी परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. घरच्या साधनाची चिकित्सा करायची राहून गेली.

१४/ आजी आता नाही. मित्रहो, आपल्याही घरी लग्नाच्या, गाण्यांच्या, कुणाच्या तरी आवाजाच्या सीडी कपाटात पडून असतील. ह्या रविवारी त्यांतली एक काढा आणि सर्वांत आधी तिच्यावरचे ट्रॅक मोजा.