दाई की पाळणाघर?

तान्ह्या मुलासाठी दाई ठेवावी की त्यास पाळणाघरात धाडावे, हा प्रश्न आज चेन्नईच्या वेस्ट मांबलममधील नोकरदार घरांना पडतो, तसाच पुण्या-मुंबईसही पडतो. पूर्वी मात्र ही निवड फार थोड्यांच्या वाट्याला येई. 1657 साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजले. राजघराण्यास दाई लाभली. मजुरीस जाणाऱ्या आईची दाई म्हणजे तिचीच थोरली मुलगी!

1945 साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा कडेवरच्या भावंडापायी शाळेस मुकलेली मुले त्यांच्या दृष्टीस पडली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. धाकटे पाळण्यात निजले, म्हणजे थोरलीस पाटी हाती धरता येई.

पाळणाघराने आईस मोकळीक दिली, हे सर्वच जाणतात. त्याने एका लहानग्या दाईस तिचे बालपण परत दिले, हेही विसरता कामा नये.