ग्रहणाच्या छावणीपासून उपग्रहांच्या माळेपर्यंत

कृष्णाकाठच्या सातारा-सांगली भागात आकाशातल्या घटनांचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याचे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कृत्रिम उपग्रहांची गर्दी हा त्यातला सर्वांत ताजा विषय. ग्रहण आणि ग्रहयोग यांबाबत समजावणाऱ्याचे काम मुख्यतः भीती घालवण्याचे होते. उपग्रहांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण इथे थोडी काळजी रास्त आहे.

आधुनिक खगोलशास्त्र या भागात आले ते ग्रहणाच्या निमित्ताने. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीला मुक्काम केला. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते, सांगली-मिरजकरांच्या भाऊबंदांचे. आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. ऑगस्टातले ढग मधूनमधून आड येत होते. तरीही सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा त्यांना दिसल्या आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे ठरले. त्याच दिवशी गुंटूरहून जान्सेन यांनीही हेच पाहिले.

पुढचे मोठे ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे. त्याचा खग्रास पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढला आणि कराड परिसरावरून करमाळा तालुक्यातल्या जेऊरकडे गेला. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांच्या छावण्या पडल्या, तर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला उतरले. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गाच्या ओट्यांवरून हेलियम शोधला, ही कथा महाराष्ट्रात घट्ट रुजलेली आहे. पण त्या साली ते इंग्लंडात होते आणि विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. आकाशाविषयीची चुकीची माहितीही किती चिवट असते, हे दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

या छावण्या परक्यांच्या होत्या. मराठीतून आकाश समजावण्याचे काम इथल्याच माणसांनी केले, आणि त्याला पंचांगाचा आधार होता. वाईत १८३१ मध्ये जन्मलेल्या कृष्णशास्त्री गोडबोले यांनी एका सहकाऱ्याबरोबर ‘ग्रहलाघवा’चे मराठी भाषांतर केले. गणेश दैवज्ञांचा हा ग्रंथ १५२० चा. त्यावरून काढलेली ग्रहस्थिती एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रत्यक्ष आकाशापासून इतकी सरकली होती की गणिताने दिलेली वेळ आणि डोळ्यांना दिसणारी वेळ जुळेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे नवे गणित मराठीत आणले आणि त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. जुने गणित धरायचे की नवे, हा वाद लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये पुण्याच्या परिषदेत चर्चिला गेला आणि पुढे तो सांगलीत भरलेल्या ज्योतिष संमेलनात आला. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून धरायचा हा त्यातला कळीचा मुद्दा. ‘दृक्‌प्रत्यय’ म्हणजे गणित प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहणे, ही कल्पना या वादामुळे वेधशाळेबाहेरच्या माणसांच्या तोंडी आली.

स्वातंत्र्यानंतर मराठी विश्वकोशाचे काम वाईतून सुरू झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तेव्हा ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह अंतराळात जाऊन वर्ष उलटले होते. कृत्रिम उपग्रहाची कक्षा, वेग आणि उपयोग यांविषयी मराठी वाचकाला नेटकी माहिती मिळू लागली ती या कोशातून. उपग्रह म्हणजे हवामान, दूरदर्शन, प्रगती असाच तेव्हा समज होता. त्याला पहिला तडा गेला १९७९ मध्ये. सुमारे ७५ टनांची अमेरिकी ‘स्कायलॅब’ कुठे कोसळणार याची त्या उन्हाळ्यात देशभर धास्ती होती. ११ जुलैला तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात पडले आणि विषय मिटला. निदान लोकांच्या लेखी तरी.

यानंतरच्या काळात सातारा-सांगलीतले लोकशिक्षण फलज्योतिष आणि ग्रहणाच्या भीतीभोवती फिरले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या वार्तापत्राचा कारभार सांगलीतून चालत आला आहे. ग्रहणाच्या दिवशी चौकात सूर्यचष्मे वाटायचे, ग्रहण चालू असताना सर्वांसमक्ष खायचे-प्यायचे, शाळांतून सावल्यांचा खेळ समजावून सांगायचा, अशी कार्यकर्त्यांची रीत पडून गेली. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात इस्लामपुरात एका गरोदर महिलेने ग्रहणकाळातच भाजी चिरली आणि फळे कापली. ग्रहणात विळीला हात लावला तर बाळात व्यंग येते, या समजुतीला ते उत्तर होते. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनीही दाभोलकर आणि पुण्यातल्या संख्याशास्त्रज्ञांसह २००८ मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली. मुलांच्या पत्रिकांवरून हुशार कोण आणि मतिमंद कोण हे ओळखायचे होते. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षाही कमी. या सगळ्या कामाचा सूर एकच होता: आकाश कुणाचे वाईट करत नाही.

२०१९ नंतर विचारणा वेगळ्या येऊ लागल्या. त्या वर्षी मे महिन्यात स्पेसएक्सने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकदम सोडले. त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांना संध्याकाळी किंवा पहाटे दिव्यांची सरळ माळ सरकताना दिसू लागली आणि परग्रहांवरच्या यानांपासून युद्धापर्यंतच्या कल्पना मोबाइलवर फिरल्या. उलगडा सोपा आहे. जमिनीवर सूर्य मावळला तरी ५५० किलोमीटर उंचीवर ऊन असते. सातारा-सांगलीच्या अक्षांशावर, सुमारे १७ अंशांवर, या उंचीचा डोक्यावरचा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण दीड तास उजळलेला राहतो आणि मग पृथ्वीच्या सावलीत शिरून चालता चालता विझतो. माळ दिसते ती सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, कारण तेव्हा उपग्रह खालच्या कक्षेत आणि एकमेकांजवळ असतात. पुढे ते वर चढत पांगतात आणि मंद होतात. या भागाचे थोडे नशीब असे की उन्हाळ्यात इंग्लंडसारख्या उत्तरेकडच्या देशांत ते रात्रभर उजळलेले असतात. इथे मध्यरात्रीचे आकाश बरेचसे मोकळे मिळते. पण संध्याकाळी कॅमेऱ्याची झडप ३० सेकंद उघडी ठेवली तर डोक्यावरून जाणारा एकच उपग्रह चित्रावर वीसेक अंश लांबीचा पांढरा ओरखडा ओढून जातो. क्षितिजाजवळचे धूमकेतू आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधायचे असतात ते नेमके याच वेळी.

माळेला घाबरू नका, हे सांगणे बरोबरच आहे. पण २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते लोळ गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. उपग्रहांची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा असे सांगितले. ते रॉकेट २०२१ च्या फेब्रुवारीत उडाले होते. मॅकडॉवेल १९८९ पासून अंतराळ उड्डाणांचे वार्तापत्र काढतात, आणि आकाशातले दिवे किंवा शेतात पडलेला पत्रा कशाचा हे जगभरातल्या वार्ताहरांना सांगण्याचे काम त्यांच्याकडे आपोआप आले आहे. लाडबोरीत कुणाला इजा झाली नाही. मात्र ‘आकाशातून काही पडत नाही’ असे त्या गावात कुणी म्हणू शकणार नाही.

गर्दीचा खरा धोका वर आहे. कक्षेतल्या टकरींतून तुकडे होतील आणि त्या तुकड्यांतून नव्या टकरी, हे गणित डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच मांडले होते. चीनने २००७ मध्ये स्वतःचा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि मागोवा घेता येईल असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियावर ‘इरिडियम ३३’ आणि निकामी ‘कॉसमॉस २२५१’ आदळले. भारतानेही २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’त आपला उपग्रह पाडला. उंची सुमारे ३०० किलोमीटरच होती, म्हणून बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळाले; काही मात्र वर्षभराहून जास्त फिरत राहिले. या विषयावर बोलणाऱ्या भारतीयाने हा भाग गाळू नये. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजाप्रमाणे आज १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू ५० हजारांवर आहेत आणि एक सेंटिमीटरवरच्या दहा लाखांहून जास्त. चालू उपग्रह दहा हजारांच्या पुढे गेले आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या स्टारलिंकचे.

महाराष्ट्राला उपग्रहांच्या गर्दीची सर्वांत थेट झळ रेडिओ खगोलशास्त्रात बसू शकते. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात पसरल्या आहेत. जागा निवडली ती शहरांचा रेडिओ गोंगाट कमी आणि डोंगरांचा आडोसा असल्यामुळे. वरून जाणाऱ्या उपग्रहापुढे डोंगराचा आडोसा कामाचा नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंकमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात होणारे उत्सर्जन टिपले. जीएमआरटीचा १२० ते २५० मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यात बराच येतो, आणि खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्‌झचा भागही त्यातच आहे.

आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०२२ मध्ये या प्रश्नासाठी वेगळे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी इस्रोने बंगळूरूला उपग्रहांच्या सुरक्षित संचालनाचे केंद्र उघडले आणि पुढे २०३० पर्यंत भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. दुसरीकडे महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांसाठी स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले. जिथे तार पोचत नाही तिथे शाळा आणि दवाखान्यांना जोडणी मिळणार असेल, तर खगोलशास्त्रज्ञांनाही त्याला सरसकट विरोध करता येत नाही, आणि बहुतेक जण करतही नाहीत. त्यांची मागणी मंद उपग्रहांची, मोजक्या संख्येची आणि शांत रेडिओ पट्ट्यांची आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने स्पेसएक्सबरोबर एक पद्धत बसवली आहे: दुर्बिणीच्या रोखात येताच उपग्रह आपला झोत दुसरीकडे वळवतो. ती मुद्दाम सोडलेल्या लहरींपुरती चालते. लोफारने टिपलेले उत्सर्जन उपग्रहातल्या विद्युत उपकरणांतून गळणारे आहे. ते झोत वळवून थांबत नाही, आणि अशा गळतीला आवर घालणारे नियम जमिनीवरच्या यंत्रांसाठी आहेत तसे उपग्रहांसाठी अजून झालेले नाहीत.