त्वचेचा कर्करोग आणि रक्तातील टी-पेशींची मोजणी

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगास मेलानोमा म्हणतात. गौरवर्णीयांच्या तुलनेत भारतीयांमध्ये तो पुष्कळ कमी आढळतो. मात्र होतो तेव्हा तो अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे ऊन क्वचितच पोहोचते अशा जागी उद्भवतो. त्यामुळे अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर उन्हात राबणाऱ्यांनी रापलेल्या चेहऱ्याइतकेच तळपायावरील नव्या काळ्या डागाकडेही लक्ष द्यायला हवे.

या रोगाशी शरीर कसे झुंजते, हे रक्तावरून पाहता येते. मेलानोमाच्या पेशींवरील ‘मेज’ हे प्रतिजन १९९१ मध्ये, तर ‘मार्ट-१’ हे १९९४ मध्ये ओळखले गेले. ही खूण ओळखणाऱ्या टी-पेशी रक्तात किती आहेत, हे मोजण्याच्या दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात.

पहिली ‘एलिस्पॉट’. रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी ९६ खळगे असलेल्या तबकडीत घालून त्यांत प्रतिजनाचा अंश मिसळतात. साधारण दिवसभरानंतर, चेतवलेल्या प्रत्येक पेशीने सोडलेल्या इंटरफेरॉन-गामाचा रंगीत ठिपका उमटतो. ठिपके मोजले की कार्यरत पेशींची संख्या कळते. तुलनेसाठी काही खळग्यांत प्रतिजन घालत नाहीत. दुसरी पद्धत १९९६ मध्ये पुढे आलेल्या ‘टेट्रामर’ची. ती खूण ओळखणाऱ्या पेशी मोजते. मात्र त्या पेशी काम करतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना मेलानोमाच्या एका रुग्णाच्या रक्तात अशा पेशी मोठ्या संख्येने आढळल्या, पण त्या निष्क्रिय होत्या. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कर्करोगाच्या लसी दिलेल्या ४४० रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेक मेलानोमाचे होते. गाठ लक्षणीय आक्रसल्याचे प्रमाण अवघे २.६ टक्के निघाले. रक्तात सैन्य वाढले म्हणजे गाठीवर विजय मिळाला, असे नव्हे. टी-पेशींवरील ‘लगाम’ सोडवणाऱ्या औषधांनी पुढे चित्र पालटले. त्यामागील संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

रायगड जिल्ह्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ २००२ पासून कार्यरत आहे. तेथे डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी मुखकर्करोगाच्या रुग्णांमधील गामा-डेल्टा टी-पेशींचा अभ्यास केला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून साकारलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

सामान्य वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या चाचण्या मुख्यतः संशोधनासाठी आणि उपचारांचा परिणाम अभ्यासण्यासाठी आहेत. मेलानोमाचे निदान त्यांवरून होत नाही. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा डाग दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. निदान बायोप्सीनेच होते, आणि वेळेत काढलेला मेलानोमा बरा होऊ शकतो.