लक्ष्मीबाई टिळकांचा ख्रिस्ती संसार

स्मरणिकेसाठी जुन्या काळातील एखाद्या स्त्रीविषयी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले. एकदोघींनी लगेच विचारले, “त्या तर ख्रिस्ती झाल्या होत्या ना? मग आपल्या अंकात कशाला?” आपल्या मंडळात ख्रिस्ती भगिनीही आहेत आणि नाताळचा त्यांचा फराळ आपण चवीने खातो, हे मी त्यांना सांगितले. शिवाय लक्ष्मीबाईंपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो कोणत्याही धर्माच्या बाईपुढे उभा राहू शकतो. नवरा एका वाटेने गेला आणि सारे गणगोत दुसऱ्या वाटेवर उभे आहे, तर बाईने कुणाशी एकनिष्ठ राहावे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांना दिली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या, तेच हे टिळक. गृहस्थ मोठा बुद्धिमान आणि प्रेमळ, पण एका नोकरीत टिकायचा नाही आणि हातात आलेला पैसा राहायचा नाही. तेव्हा घर कसे चालले असेल ते आपणा बायकांना सांगायला नको.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली व त्याने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन टिळकांच्या मनाला भिडले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती त्यांनी घेतली नव्हती. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तरी हे त्यांनी बरे केले असे मला म्हणवत नाही. ज्या बाईने त्यांच्यामागून गावोगाव बिऱ्हाड हलवले, तिला आधी विश्वासात घ्यायला हवे होते.

त्या काळी धर्मांतर म्हणजे त्या माणसाच्या हातचे पाणीही बंद. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आपल्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या. त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला. नवरा जिवंत, पण त्याचे नाव काढायची चोरी. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली.

इथे एक गोष्ट बहुतेकींना ठाऊक नसेल. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याची बायको किंवा नवरा धर्मापायी सोडून राहिला, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येईल असा कायदा सरकारने १८६६ सालीच केला होता. टिळकांनी त्या वाटेला पाऊल टाकले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. वर ज्यांना मी दोष दिला, त्यांच्या पदरी हे पुण्यही टाकले पाहिजे.

अखेर लक्ष्मीबाई नगरकडे नवऱ्यापाशी गेल्या. पण ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत हो! सुरुवातीला आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी निराळेच ठेवले. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मला या संसाराचा हा भाग सर्वांत मोठा वाटतो. एका घरात दोन धर्म आणि मध्ये एक पाण्याची घागर! भांडणे होत, रुसवे होत आणि पुन्हा हसू येई.

पुढे महाबळेश्वरला असताना जातिभेदाचा त्यांनी आपल्या मनाशी विचार केला. हा भेद देवाने केला नाही, माणसांनीच केला, असे त्यांचे मत झाले आणि तो त्यांनी टाकला. आता मनाने ठरवले तरी जन्मभराची सवय एका दिवसात जात नाही. दुसऱ्याच्या घरचा पेला ओठाला लावताना हात कसा थबकतो हे आपल्यातल्या कितीजणी जाणतात! जात आधी गेली आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. ज्या बाईने नवऱ्याच्या सांगण्यावरून सोवळेसुद्धा सोडले नाही, ती त्याच्या सांगण्यावरून देव बदलील हे मला पटत नाही. तो निर्णय तिचा स्वतःचा होता.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी काय केले? तेच, जे आधी करीत होत्या. चूल, मुले, पाहुणे. फरक एवढाच की, आता पंक्तीला कोण बसेल याचा नेम राहिला नाही. त्यांनी अनाथ पोरे घरात घेतली, परक्या लेकरांना जेवू घातले. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. वेतन सोडणे हा पुरुषाचा त्याग म्हणून लिहिला जातो. पण दुसऱ्या दिवशी डब्यात पीठ आहे की नाही हे बघायचे काम बायकोकडेच असते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. येशूच्या चरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अर्धवट राहिले होते. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. वाचायला शिकवले नवऱ्याने, आणि जोडाक्षरांशी त्यांचे कधीच नीट जमले नाही. मी सातवी शिकलेली, तरी चार ओळींचे पत्र लिहिताना दोनदा खोडते. या बाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते काव्य पुरे केले! नवऱ्याच्या शब्दाला आणि आपल्या देवाला त्या एकदमच जागल्या.

त्यांच्या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्यांनी वडिलांचे सोवळे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती सारखेच हसून सांगितले आहे. उपदेश असा कुठे केलेला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते १९३८ साली.

‘स्मृतिचित्रे’ची प्रत मंडळाच्या कपाटात आहे. पहिली काही पाने सुटी झाली आहेत. नेणारीने ती जपून न्यावी आणि पंधरा दिवसांत परत आणून द्यावी, कारण मागणाऱ्या अजून तिघी आहेत.