डॉक्टरकीची डिग्री बाजूला ठेवून लेखणी धरली. साप्ताहिकातून पुस्तकांपर्यंत अनिल अवचट यांचा प्रवास

नेरळ : कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर दोन ओळींची बातमी झाली तरी खूप. अशाच माणसांवर ज्यांनी अख्खी पुस्तकं लिहिली, त्या डॉ. अनिल अवचट यांची ही माहिती. नव्याने लिहिणाऱ्या, गावाकडच्या बातम्या देणाऱ्या पोरांनी तर ती वाचावीच.

ओतूरचा मुलगा

अवचट यांचा जन्म १९४४ चा, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातील ओतूर गावचा. वडील गावातच डॉक्टर. मुलगाही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाला. पण दवाखान्यात त्यांचं मन रमलं नाही. १९६६-६७ ला बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तिथलं जे पाहिलं ते लिहिलं आणि १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पहिलं पुस्तक आलं.

साधना साप्ताहिक

साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाशी त्यांचं नातं जुळलं. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली, तेव्हा 'साधना'चा दलितांच्या प्रश्नावरचा विशेषांक अवचटांनी संपादित केला. त्यातल्या राजा ढाले यांच्या लेखावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं.

पुढे साप्ताहिकं, मासिकं आणि दिवाळी अंकांतून त्यांचे लांबलचक लेख येत राहिले आणि त्यांचीच पुस्तकं झाली. 'माणसं'मध्ये कष्टकऱ्यांचं जगणं आहे, 'संभ्रम'मध्ये बुवाबाजी, 'कोंडमारा'मध्ये दलितांवरचे अत्याचार. निपाणीच्या तंबाखू वखारीत धुळीत राबणाऱ्या बायांवरही त्यांनी लिहिलं. अंक महिन्याभरात रद्दीत जातो, पुस्तक मात्र वाचनालयात राहतं. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हे लेख आजही वाचायला मिळतात.

लिहिण्याची पद्धत

या प्रकाराला 'रिपोर्ताज' म्हणतात. म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जायचं, माणसांजवळ बसायचं, त्यांना बोलू द्यायचं आणि ते साध्या भाषेत मांडायचं. पगार किती, काम किती तास, उचल किती, आजारपणात काय होतं, असे साधेच प्रश्न. मोठे शब्द नाहीत, उपदेश नाही. कमी शिकलेल्या माणसालाही ते वाचता येतं.

घर कोणी चालवलं?

अशा लिखाणावर घर चालत नाही, हे खेड्यातल्या वार्ताहराला वेगळं सांगायला नको. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी डॉक्टर होत्या. संसाराचा भार त्यांच्या पगारावर होता. राहणी साधी, गरजा कमी. त्यामुळेच अवचट मोकळेपणाने फिरू आणि लिहू शकले.

लेखातून उभं राहिलं केंद्र

१९८० नंतर शहरांत 'गर्द'चं, म्हणजे ब्राउन शुगरचं व्यसन पसरलं. अवचटांनी व्यसनी मुलं आणि त्यांच्या घरच्यांना भेटून त्यावर लिहिलं. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले आणि केंद्र काढण्यासाठी पैशाची मदत केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखन अवचटांचं, पण केंद्र घडवलं ते सुनंदाताईंनी. १९९७ मध्ये कॅन्सरने त्या गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. दारूने घरं मोडताना आपल्या वाड्या-पाड्यांनीही पाहिलीत, तेव्हा एका लेखाने काय होऊ शकतं हे लक्षात येईल.

नंतरच्या काळात 'स्वतःविषयी', 'छंदांविषयी' अशी पुस्तकंही त्यांनी लिहिली. कागदाच्या घड्या घालून वस्तू करणं, लाकडावरचं कोरीव काम, बासरी हे त्यांचे छंद. मुलांसाठीच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

वाचायला सुरुवात करायची तर 'माणसं' आधी घ्यावं. तालुक्याच्या वाचनालयात विचारून पाहा.